सर्चमध्ये तुमची अडचण टाइप करू नका, उत्तराचं पान कसं लिहिलेलं असेल ते टाइप करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की काहीही सर्च केलं तरी वर जाहिराती, त्याखाली एकमेकांची कॉपी मारल्यासारखे लेख, आणि हवंय ते दुसऱ्या-तिसऱ्या पेजवरही नाही, पण काही लोकांना मात्र तेच दोन मिनिटांत सापडतं, तर त्यांना अशा कुठल्या ट्रिक्स माहीत असतात. मी लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर काम करते. लोक अर्धीमुर्धी माहिती घेऊन येतात आणि आम्ही ती गोष्ट हुडकून देतो, रोजचंच काम आहे. ट्रिक्स आहेत, खाली सांगतेच, पण खरं सांगू का, त्यांचा वाटा कमी आहे. जास्त फरक पडतो तो टाइप करायच्या आधी अर्धा मिनिट थांबून एकच गोष्ट डोक्यात आणल्याने: माझं उत्तर ज्या पानावर आहे ते पान कोणी लिहिलं असेल, कोणासाठी लिहिलं असेल, आणि त्यात कुठले शब्द असतील?

का ते सांगते. तुम्ही एंटर दाबल्यावर सर्च इंजिन काही त्या क्षणी अख्ख्या इंटरनेटवर धावत सुटत नाही. त्यांचे क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम, आधीच पानं वाचून ठेवतात, त्यांचा इंडेक्स करून ठेवतात, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना तसा, फक्त अवाढव्य. तुमची क्वेरी, म्हणजे तुम्ही टाइप केलेले शब्द, त्या इंडेक्सशी जुळवली जाते आणि मग जुळलेल्यांपैकी वर कोणाला बसवायचं ते ठरतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं तेव्हा त्यांची मुख्य आयडिया ही होती की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे एक मत दिलं, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. आता त्यात आणखी शेकडो गोष्टी मिसळल्यात. पण मुळाशी अजूनही तेच, कोणीतरी कुठेतरी काही शब्द लिहिलेत आणि तुमचे शब्द त्यांच्या जवळपास गेले पाहिजेत. गडबड इथेच होते. आपण आपल्या त्रासाच्या भाषेत टाइप करतो, आणि ज्याला ती गोष्ट माहितीये तो त्याच्या धंद्याच्या भाषेत लिहून गेलेला असतो.

उदाहरण घ्या. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, मग चालायला लागलं की कमी होते. आता "टाच खूप दुखते उपाय" टाकलं तर घरगुती दहा उपाय छापाचे लेख येणार, कारण हेच शब्द लाखो लोक टाकतात आणि ते शब्द पकडायलाच ते लेख लिहिलेले असतात. हा सर्च वाया नाही पण, त्याचा उपयोग वेगळा आहे. तो उत्तरासाठी नाही, शब्दासाठी करायचा. दोन-तीन रिझल्ट वरवर चाळले की "प्लांटर फॅसायटिस" हा शब्द भेटतो. आता पहिला सर्च विसरा, नवीन टॅब उघडा आणि त्या शब्दाबरोबर "ट्रीटमेंट गाइडलाइन" किंवा "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" (म्हणजे झालेल्या संशोधनाचा एकत्र आढावा) टाका. एकदम वेगळ्याच जगात पोचता, डॉक्टर लोक एकमेकांसाठी लिहितात ते. ते जड जात असेल तर तोच शब्द आणि मेडलाइनप्लस असं टाका, ती अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची पेशंटसाठीची साइट आहे, साध्या भाषेत असते. (डॉक्टरकडे जायचं ते जायचंच, पण जाताना काय विचारायचं ते तरी कळतं.)

हा दोन टप्प्यांचा प्रकार कुठेही चालतो. कायद्याचा मुद्दा असो, प्लंबिंग असो, कॅमेऱ्याची सेटिंग असो. आधी शब्द शोधा, मग शब्दाने शोधा. नवीन माणूस पहिल्याच क्वेरीवर अडून बसतो, तीच क्वेरी जरा फिरवून फिरवून पुन्हा टाकतो. सवय झालेला माणूस पहिली क्वेरी टाकून द्यायलाच टाकतो.

मशीनच्या बाबतीत शब्दाऐवजी नंबर. वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकत नाही, "वॉशिंग मशीन पाणी ड्रेन होत नाही" टाकलं तर जगातल्या सगळ्या मशीनबद्दलचं मोघम काहीतरी येणार. त्याऐवजी दाराच्या आत किंवा मागच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, डिस्प्लेवर एरर कोड दिसतोय तो घ्या, आणि त्यासोबत "सर्व्हिस मॅन्युअल" टाका, "युजर मॅन्युअल" नाही. युजर मॅन्युअल ग्राहकासाठी असतं, त्यात शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन करा असंच लिहिलेलं. सर्व्हिस मॅन्युअल मेकॅनिकसाठी असतं, त्यात कुठला भाग कसा तपासायचा ते असतं. पूर्ण नंबरने काही आलं नाही तर शेवटची एक-दोन अक्षरं गाळून बघा, ती बऱ्याचदा फक्त रंग किंवा देशाप्रमाणे बदलणारी असतात. कॉम्प्युटरच्या एररचंही तसंच, मेसेज जसाच्या तसा कॉपी करून टाका, पण त्यातलं तुमच्या फोल्डरचं नाव, युजरनेम, तारीख असलं काढून टाका, कारण ते दुसऱ्या कोणाच्याच पानावर असणार नाही.

आमच्या डेस्कवर एक पद्धत आहे, रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात तिला. माणूस येऊन म्हणतो "इतिहासाची पुस्तकं कुठे आहेत". पुस्तकं दाखवून मोकळं व्हायचं नसतं, हळूच विचारायचं की नक्की कशासाठी हवंय. चार प्रश्नांनंतर कळतं की त्याला एका विशिष्ट लढाईचा नकाशा हवाय. लोक कायम हव्या त्या गोष्टीपेक्षा मोठी आणि मोघम गोष्ट मागतात, कारण त्यांना वाटतं आधी मोठं दार उघडू मग आत जाऊ. सर्च बॉक्स हा उलटा प्रश्न विचारत नाही, म्हणून तो तुम्हीच स्वतःला विचारायचा. नकाशा हवाय तर "नकाशा" हा शब्द क्वेरीत पाहिजे. आकडा हवा असेल तर तो आकडा कोण गोळा करतं ते आधी. फॉर्म हवा असेल तर फॉर्मचं अधिकृत नाव किंवा नंबर.

आता पूर्ण वाक्य टाकायचं की सुटे शब्द, यावर लोक भांडतात. दोन्ही बरोबर आहे, वेळ बघून. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने बर्ट नावाचं, भाषा समजून घेणारं मॉडेल सर्चमध्ये आणलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते सत्तरहून जास्त भाषांना लावलं, तेव्हापासून "ला", "कडून", "शिवाय" असल्या छोट्या शब्दांनाही किंमत आली, त्याआधी ते जवळपास ढकलूनच दिले जायचे. म्हणून लाखो लोक विचारतात तसला प्रश्न असेल तर सरळ बोलल्यासारखं टाका, चालतं. पण तुमची गोष्ट दुर्मिळ असेल तर हेच हुशार मशीन नडतं, कारण ते तुमचा शब्द बाजूला ठेवून त्याच्या जवळचा, जास्त लोकप्रिय शब्द धरून रिझल्ट देतं. तुम्ही विचारता एक, ते उत्तर देतं शेजारच्या प्रश्नाचं. हे ओळखायची खूण आहे. रिझल्टच्या खाली बारीक अक्षरात "मिसिंग" लिहून तुमचा एखादा शब्द खोडलेला दिसतो. म्हणजे त्या पानावर तो शब्द नाहीच. ही ओळ बहुतेक लोक कधी वाचतच नाहीत आणि मग म्हणतात गुगल बिघडलं.

अशा वेळी अवतरण चिन्हं. जो शब्द किंवा शब्दांची जोडी असायलाच हवी ती डबल कोट्समध्ये टाका. पूर्वी हे काम अधिकचं चिन्ह करायचं, २०११ मध्ये ते बंद केलं आणि कोट्स वापरा म्हणाले. त्याच वर्षी "व्हर्बॅटिम" नावाचा मोड आला, कॉम्प्युटरवर टूल्समध्ये "ऑल रिझल्ट्स" लिहिलेलं असतं तिथे क्लिक केलं की मिळतो, तो लावला की तुमचे शब्द बदलाबदली न करता आहेत तसे शोधले जातात. मला विचाराल तर सगळ्या ऑपरेटर्सपेक्षा (म्हणजे सर्चला खास सूचना देणारी चिन्हं आणि शब्द) हे एक बटण जास्त उपयोगी आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहितीये. कोट्सचा अतिरेक मात्र नको. अख्खं वाक्य कोट्समध्ये घातलं आणि त्यातला एक शब्द तुमच्या लक्षात चुकीचा राहिलाय, तर हाती शून्य. तीन-चार शब्दांचा तुकडा घ्या ज्याबद्दल खात्री आहे, आणि जिथे खात्री नाही तिथे मध्ये स्टार म्हणजे तारांकनाचं चिन्ह (*) टाका, तिथे कुठलाही शब्द चालेल असा त्याचा अर्थ.

बाकी ऑपरेटर्स. हे सगळे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, आणि कोलननंतर स्पेस द्यायची नाही, स्पेस दिली की तो साधा शब्द होऊन बसतो. "साइट" कोलन (site:) आणि वेबसाइटचा पत्ता, हा मी दिवसातून सगळ्यात जास्त वापरते. बऱ्याच मोठ्या संस्थांच्या वेबसाइटवरचा स्वतःचा सर्च बॉक्स इतका वाईट असतो की समोर असलेलं पान त्याला दिसत नाही, तिथे बाहेरून साइट कोलन लावून शोधलं की पटकन सापडतं. पूर्ण पत्ताच पाहिजे असं नाही, नुसती शेपटी चालते, सरकारी डोमेनची किंवा विद्यापीठांच्या डोमेनची, म्हणजे तेवढ्यातच शोध होतो. दुसरा "फाइलटाइप" कोलन पीडीएफ (filetype:pdf), म्हणजे फक्त पीडीएफ फाइल येतात. याचं खरं कारण लोकांना कळत नाही. पीडीएफमध्ये काही जादू नाही, पण पीडीएफ कोण बनवतं ते बघा: संस्था, कंपन्या, संशोधक, शिक्षक. अहवाल, मॅन्युअल, अभ्यासक्रम, नियमावली. जाहिरातीच्या पैशांसाठी लेख पाडणारा माणूस सहसा पीडीएफ बनवत नाही, त्यामुळे एका झटक्यात तो सगळा कचरा बाजूला होतो. एक्सेलचा फाइलटाइप टाकला तर कच्चे आकडे मिळतात, आकडेवारीवर काम करणाऱ्यांनी हे करून बघा.

वजाचं चिन्ह सगळेच सांगतात, मर्क्युरी ग्रह हवाय आणि पाऱ्याची पानं येताहेत तर "थर्मामीटर" वजा करा वगैरे. मी क्वचितच वापरते. कारण चांगल्या पानावर तो नको असलेला शब्द कुठेतरी एकदा आलेला असू शकतो आणि ते पानही उडून जातं. काढण्यापेक्षा घाला, "कक्षा" घाला, "सौरमाला" घाला, आपोआप वेगळं होतं. एखादी साइट सारखी सारखी मध्ये येत असेल तर मात्र वजा साइट कोलन करून तिला हाकलायला वजा मस्त आहे. दोनपैकी कुठलाही शब्द चालणार असेल तर मध्ये "ऑर" (OR) टाकायचं, ते कॅपिटलमध्येच लिहायचं, नाहीतर मोजत नाही. "इनटायटल" कोलन (intitle:) म्हणजे शब्द पानाच्या शीर्षकातच हवा, विषय फार पसरलेला असेल तेव्हा बरं पडतं. क्वेरी ३२ शब्दांपेक्षा लांब केली तर गुगल पुढचे शब्द सोडून देतं, तेव्हा अख्खा परिच्छेद चिकटवू नका. आणि नेटवर फिरणाऱ्या ट्रिक्सच्या जुन्या याद्यांवर विश्वास ठेवू नका, त्यातले लिंक कोलन, कॅश कोलन, टिल्ड चिन्ह (~) हे कधीच मेलेत, लोक अजून शेअर करताहेत.

तारखेबद्दल जरा सविस्तर बोलते कारण तिथे लोक फार फसतात. मोबाइल फोनमुळे मेंदूचा कॅन्सर होतो का, हे शोधा. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाइलच्या रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं, तेव्हाच्या बातम्या अजून रिझल्टमध्ये तरंगत असतात, आणि त्या खोट्या नाहीत, फक्त जुन्या आहेत. २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. दोन्ही गोष्टी वाचल्या तर चित्र कळतं, एकच वाचली तर घाबरता किंवा निर्धास्त होता. यासाठी "आफ्टर" कोलन (after:) आणि "बिफोर" कोलन (before:), पुढे वर्ष किंवा पूर्ण तारीख, २०१९ पासून आहेत. उलटाही उपयोग होतो, एखाद्या घटनेबद्दल आता सगळीकडे नंतरचं स्पष्टीकरणच दिसत असेल तर बिफोर लावून त्या वेळी लोक काय लिहीत होते ते बघता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की पानाची तारीख सर्च इंजिन अंदाजाने ठरवतं, आणि काही साइटवाले मजकूर तोच ठेवून नुसती तारीख पुढे ढकलतात. शीर्षकात चालू वर्ष आणि आत पाच वर्षांपूर्वीचे स्क्रीनशॉट, असलं चिकार दिसतं.

त्याच उदाहरणातली दुसरी गोष्ट. "मोबाइलमुळे कॅन्सर होतो" असं टाकलं तर होतो म्हणणारी पानं वर येतील, "होत नाही" टाकलं तर होत नाही म्हणणारी. मशीन तुमचे शब्द जुळवतंय, सत्य जुळवत नाहीये. म्हणून क्वेरीत तुमचं मत घालू नका, "मोबाइल फोन ब्रेन कॅन्सर रिव्ह्यू" एवढंच कोरडं टाका. घरातल्या वादात जिंकायला सर्च करत असाल तर करा खुशाल, तिथे प्रत्येकाला आपापलं सापडतंच.

"इतके कोटी रिझल्ट" हा आकडा विसरून जा. तो अंदाज असतो. शेवटपर्यंत पानं उलटत गेलात तर काहीशे रिझल्टच्या पुढे जातच नाही.

जाहिरातींचं म्हणाल तर "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं वाचून खाली सरकायची सवय लावा. एका बाबतीत मात्र कडक राहा: बँक, विमान कंपनी, कुरिअर, ॲप यांचा कस्टमर केअर नंबर कधीही सर्चमध्ये शोधून, वर दिसलेला पहिला नंबर फिरवू नका. खोटे नंबर जाहिरातीत, नकाशावरच्या नोंदीत, फोरमच्या कमेंटमध्ये पेरून ठेवलेले असतात, आणि पलीकडचा माणूस ओटीपी मागतो किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगतो. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला.

हल्ली वर एआयने लिहिलेलं उत्तर येतं त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण अर्ध्या तक्रारी आता त्याच्याच आहेत. अमेरिकेत २०२४ च्या मे महिन्यात ते सगळ्यांना सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत त्याने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घाला असं सुचवलं, मूळ कुठे तर रेडिट या गप्पांच्या साइटवर कोणीतरी वर्षांपूर्वी केलेला विनोद. तेव्हापासून सुधारलंय, पण स्वभाव तोच, चार ठिकाणचं एकत्र करून ठाम आवाजात सांगणार. माझं मत विचाराल तर एआय पहिल्या टप्प्यासाठी उत्तम आहे, तो टाचेचा शब्द सापडायचा होता ना, तसलं काम तो झकास करतो, तुम्ही लक्षणं किंवा वर्णन सांगा आणि याला तज्ज्ञ काय म्हणतात ते विचारा. दुसऱ्या टप्प्यासाठी त्याच्यावर टेकू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे तसेच कोर्टात सादर केले, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, दंड झाला. आमच्याकडेही लोक असे संदर्भ घेऊन येतात, लेखक खरा, जर्नल खरं, आणि तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. शोधून शोधून दमतात बिचारे. एआयचं उत्तर आणि बाकीचा पसारा नको असेल तर गुगलवर "वेब" नावाचा फिल्टर आहे, बहुतेक वेळा "मोअर"मध्ये दडलेला असतो, तो लावला की जुन्यासारखी साधी निळ्या लिंकांची यादी मिळते.

सापडलेलं पान खरं की कसं, याची एक पद्धत आहे आणि तिचा अभ्यास झालाय. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे पीएचडी झालेले लोक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट चेकर अशा ४५ जणांना वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी पानावरच रेंगाळले, मांडणी बघितली, लोगो बघितला, "अबाउट अस" वाचलं, आणि बरेच फसले. फॅक्ट चेकर पान जेमतेम बघून लगेच बाहेर पडले, नवीन टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं, आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षाला आले. याला लॅटरल रीडिंग म्हणतात. करायचं कसं, तर संस्थेचं नाव टाका आणि वजा साइट कोलन करून तिची स्वतःची वेबसाइट काढून टाका. झालं, आता फक्त इतरांचं बोलणं दिसेल. तेच फॅक्ट चेकर आणखी एक करत होते, पहिल्या रिझल्टवर लगेच क्लिक न करता यादी खालपर्यंत वाचून, पत्ते आणि त्याखालच्या दोन ओळी बघून मग ठरवत होते. पहिला नंबर म्हणजे पहिल्या दर्जाचा असं काही नसतं.

वाक्यं कोणाची हे शोधायला तर लोक फारच येतात. "तेच तेच पुन्हा करून वेगळ्या रिझल्टची अपेक्षा ठेवणं म्हणजे वेडेपणा" हे आइनस्टाइनच्या नावावर हजारो फोटोंवर दिसेल. साध्या सर्चमध्ये हे कधीच सुटणार नाही कारण चुकीची पानं बरोबरपेक्षा कितीतरी जास्त आहेत. इथे जागा बदलायची, गुगल बुक्समध्ये (तिथे स्कॅन केलेल्या पुस्तकांतला मजकूर शोधता येतो) जाऊन मूळ इंग्रजी वाक्याचा तुकडा कोट्समध्ये टाकायचा आणि टूल्समधून वर्षाची मर्यादा लावायची. आइनस्टाइन १९५५ मध्ये गेला, आणि हे वाक्य छापलेलं सापडतं ते १९८० च्या दशकापासून. स्कॅनिंगमध्ये अक्षरं चुकीची वाचली जातात म्हणून एका तुकड्याने नाही आलं तर वाक्याचा दुसरा तुकडा घ्या. आणि पुस्तकाचं वर्ष चुकीचं नोंदलेलं असू शकतं, पान उघडून खात्री करा.

यावरून मुख्य मुद्दा, खूप गोष्टी साध्या सर्चमध्ये येतच नाहीत. ज्या डेटाबेसमध्ये आधी काहीतरी भरून बटण दाबावं लागतं त्याच्या आतलं क्रॉलरला बहुतेक वेळा दिसत नाही, कोर्टाचे निकाल, लायब्ररीचे कॅटलॉग, पेटंट, जुनी वर्तमानपत्रं, जनगणनेचे तक्ते. तिथे सर्चचा उपयोग एवढाच की तो डेटाबेस कुठे आहे ते शोधायचं, म्हणजे विषयाच्या शब्दासोबत "डेटाबेस", "आर्काइव्ह", "कॅटलॉग" टाकायचं, आणि पुढचं आत जाऊन. शोधनिबंधांसाठी गुगल स्कॉलर, २००४ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यातली खरी ताकद सर्च बॉक्समध्ये नाहीये. एक चांगला निबंध सापडला की त्याच्याखाली "साइटेड बाय" असतं, त्यावर क्लिक केलं की त्याचा आधार घेऊन नंतर लिहिलेले सगळे निबंध दिसतात, म्हणजे तुम्ही २००५ च्या निबंधावरून आजच्या संशोधनापर्यंत चालत येऊ शकता, एकही नवीन शब्द न टाइप करता. शेजारी "ऑल व्हर्जन्स" असतं, प्रकाशक पैसे मागत असेल तर तिथे बऱ्याचदा लेखकाने स्वतः ठेवलेली फुकट पीडीएफ मिळते. विकिपीडियाचंही तसंच, लेख वाचा पण काम असतं ते खालच्या संदर्भांशी.

दुसरं सर्च इंजिन वापरून बघायचं असेल तर खरंच दुसरं वापरा. डकडकगोचे साधे वेब रिझल्ट मुख्यतः बिंगकडून येतात आणि स्टार्टपेजचे गुगलकडून, प्रायव्हसीसाठी चांगले आहेत ते, पण बिंगवर नाही सापडलं म्हणून डकडकगोवर जाणं म्हणजे त्याच खोलीत दुसऱ्या दारातून जाणं. बिंग, गुगल, ब्रेव्ह, यांडेक्स यांचे इंडेक्स आपापले आहेत. फोटो मूळ कुठला ते शोधायला टिनआय, त्यात सगळ्यात जुना आधी असं लावता येतं, व्हायरल फोटो खरंच आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा ते तिथे कळतं. गुगल लेन्स फोटोत काय आहे ते ओळखायला बरं, मूळ शोधायला टिनआय आणि यांडेक्स दोन्हीवर टाकून बघते मी.

मराठीत शोधताना दोन-तीन गोष्टी वेगळ्या होतात. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागून रूपच बदलतं, म्हणून "शाळा" कोट्समध्ये टाकलं तर "शाळेत", "शाळांना" असलेली पानं सुटू शकतात, तेव्हा मराठीत एकट्या शब्दाला कोट्स शक्यतो नकोत, नावं आणि ठरलेले शब्दप्रयोग सोडून. परकी नावं दोन-तीन प्रकारे लिहून बघा, आइनस्टाइन, आइन्स्टाइन, आईनस्टाईन, सगळं सापडतं, आणि वेगवेगळं सापडतं. विषय तांत्रिक असेल तर मराठीत शब्द शोधून मग इंग्रजीत सर्च करा आणि पान ब्राउझरमधून भाषांतर करून वाचा, उगाच भाषेचा हट्ट धरून अर्धीच माहिती घेऊ नका. आणि जुन्या मराठी पीडीएफ ज्या युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत त्या डोळ्यांना मराठी दिसतात पण मशीनला आतून इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, त्यातला मजकूर सर्चमध्ये येणारच नाही. अशा फाइल शोधायच्या तर फाइलच्या नावाने, संस्थेच्या साइटवर, साइट कोलन आणि फाइलटाइप लावून, आणि मग डोळ्यांनी वाचत बसायचं, दुसरा इलाज नाही.

लांब पान किंवा तीनशे पानी पीडीएफ उघडल्यावर कंट्रोल एफ दाबा, म्हणजे हवा तो शब्द त्यात शोधता येतो. मोबाइलवर ब्राउझरच्या मेनूत "फाइंड इन पेज" असतं. हे सांगायची गरज नसावी असं वाटतं, पण डेस्कवर रोज कोणीतरी अख्खं पान वर-खाली सरकवत बसलेलं असतं, म्हणून सांगितलं.

शेवटचं, सापडलेलं नीट ठेवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ मधल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. गुगलची कॅश लिंक, म्हणजे गुगलने ठेवलेली पानाची प्रत उघडणारी, ती पण २०२४ मध्ये गेली. लिंक मेलेली असेल तर तिचा पत्ता कॉपी करून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका, २००१ पासून ते लोकांना खुलं आहे, जुनी प्रत असेल तर तारखेनुसार दिसते. मुख्य पानाचा पत्ता नाही तर त्या विशिष्ट पानाचा पूर्ण पत्ता टाकायचा. आणि स्वतःला महत्त्वाचं काही सापडलं की तिथेच "सेव्ह पेज नाऊ"मध्ये टाकून प्रत करून ठेवा, आणि ज्या क्वेरीने ते सापडलं ती क्वेरी पण शेजारी लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी त्याच विषयावर बसलात की सुरुवात तिथून करता येते.